सोमवारची तिफण

"एका बैलाला चारा घालायचा म्हणजे अर्ध्या माणसाला जेवू घातल्यासारखं हाय बाई. पोट तर भरतं, पण काम कुणाचंच व्हत न्हाई."

ही कुरकुर अगदी माझ्या कानाशी झाली. माझी धाकटी जाऊ शिवकांता आपल्या चुलीशी बोलत होती आणि मी माझ्या चुलीपुढं भाकरी थापत होते. मधे तुराट्यांचा कूड. पाडव्याला वाटणी झाली तेव्हा घाईघाईनं उभा केलेला. त्याला शेणमातीचा एकच हात दिलेला, तोही उन्हाळ्यात पोपडे धरून गळून पडला. त्यामुळं तिची भाकरी फुगली की मला कळायचं, आणि माझ्या वरणात मीठ राहिलं की ती पलीकडून खोकायची. याला आम्ही वेगळं राहणं म्हणत होतो!

पण त्या दिवशी मला कसलीच फिकीर नव्हती. आज सगळं नीट बसणार, अशी माझी खात्रीच झाली होती. माझा अंदाज सहसा चुकत नाही. चुकतात ती माणसं.

आधी ती वाटणी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या घरात कुणी भांडलं नव्हतं. मामंजी गेल्यानंतरच्या पहिल्या पाडव्याला भगवानराव आमच्या आखाड्यावर, म्हणजे रानातल्या घरी, आले. भगवानराव म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. कुणाच्या वाटण्या करायच्या, तर माप त्यांचंच. गूळपाणी पिता पिता ते सहज म्हणाले, दोघं भाऊ कर्ते झालात, आता पुढं कसं, तुमचं म्हणणं काय? आमचे मालक, रुद्रप्पा, मर्यादेचे मोठे. ते खाली बघून म्हणाले, धाकट्याची जी मर्जी. गुरुलिंग भाऊजी मर्यादेत त्यांच्याहून सवाई. ते म्हणाले, अण्णाची जी मर्जी. भगवानराव म्हणाले, म्हणजे दोघांची मर्जी आहे तर! आणि ऊन कलायच्या आत आखाडा, रान, भांडीकुंडी, सगळं मधोमध दोन झालं.

ती मर्जी नक्की कुणाची होती, हे कुणी कुणाला विचारलं नाही. दोघं भाऊ मनातून असे दुखावले की तेव्हापासून एकमेकांशी बोलणंच बंद. इतक्या अदबीनं मोडलेलं घर मी दुसरं पाहिलं नाही.

सगळ्यात मोठी गंमत बैलांची. मामंजींनी हौसेनं सांभाळलेली जोडी, एकाचं नाव बादशा आणि दुसऱ्याचं वजीर. बादशा आमच्याकडं आला, वजीर पलीकडं गेला. गावात म्हणायचे, थोरल्यानं राज्य नेलं. खरं तर बादशाला वजिराशिवाय धड वळतासुद्धा येत नव्हतं. दिवसभर दोन दावणींना तोंडं फिरवून उभे राहायचे, आणि मोकळे सोडले की कडब्याच्या गंजीमागं पाठीला पाठ लावून रवंथ करत बसायचे. त्यांना वाटणी समजावून सांगायला कुणी गेलं नव्हतं.

हस्त सरत आला होता. रानात वाफसा असा की मूठभर माती दाबली तर गोळा व्हायचा आणि टाकला की अलगद फुटायचा. पण वरची ओल रोज थोडी खाली चालली होती. ज्वारी आता पडली तर पडली, नाहीतर वर्षभर माणसांना भाकरी नाही आणि बैलांना कडबा नाही. दोन्ही चुलींची तीच गत. आणि पेरणी काही एका बैलानं होत नाही! हे दोघा भावांना ठाऊक होतं. दुसऱ्यालाही ते ठाऊक आहे, हेही दोघांना ठाऊक होतं. पण बोलायचं कुणी?

वाटणीत जू भाऊजींकडं गेलं होतं आणि तिफण आमच्याकडं. ती तिफण कुणी हात न लावल्यानं कोपऱ्यात उभी राहून राहून वाळवीनं खाल्ली. म्हणून मालकांनी धारूरच्या बाजारातून दुसरी आणली, आष्टीकडच्या कुणा शेतकऱ्यानं वापरून सोडलेली. लाकूड चांगलं, फण चांगले, पण दांड्या आखूड. त्या शेतकऱ्याची बैलं बुटकी असणार. आमची जोडी म्हणजे दोन देवळं. तेव्हा दांड्या जुवाला ज्यानं बांधतात ते दोरखंड, ज्याला आमच्याकडं येठण म्हणतात, ते मागंपुढं करून तिफण आमच्या जुवाला बसवून घ्यायची होती.

मालक मला म्हणाले, घटकाभराचं काम आहे. असं ते म्हणाले की मी रात्रीचाही स्वैपाक दुपारीच उरकून घेते.

रविवारी भाऊजींनी आपलं जू आमच्या अंगणाच्या बाजूला आणून टेकवलं. ऊन द्यायला, असं शिवकांता कुडातून म्हणाली. मालकांनी तिफण नेऊन अगदी त्याच्याजवळ ठेवली. सहज, असं मी कुडातून म्हणाले. मग ती म्हणाली की तिचे मालक सोमवारी रिकामेच आहेत. मी म्हणाले की माझे तर कायमच रिकामे असतात. अशा रीतीनं कुणी कुणाला न विचारता सगळं ठरलं. सोमवारी तिफण बसवायची आणि मंगळवारी तांबडं फुटताच पेरणी धरायची.

फक्त एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. सोमवार बसवण्णाचा. त्या दिवशी आम्ही लिंगायत बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही. मग तिफण बसली की नाही, हे बघायचं कशावर?

मालकांनी थोडा विचार केला. ते विचार करतात तेव्हा मला भीती वाटते.

"बैलाला जुंपायचं न्हाई," ते म्हणाले. "मानसाला जुंपू नये असं कुठं हाय?"

त्यांनी एक काठी घेऊन बादशाच्या मानेची उंची मोजली, काठीवर कोळशानं खूण केली, आणि त्या खुणेइतके वाकून स्वतः जुवाखाली शिरले. दुसरी बाजू रिकामी राहिली. सगळे तिकडं बघत उभे राहिलो. थोड्या वेळानं भाऊजी उठले, उपरणं काढून शिवकांताच्या हातात दिलं, आणि वजिराच्या जागी जाऊन उभे राहिले.

जोडी तर जुळली. पण लगेच दुसरं संकट उभं राहिलं. माणसाला वशिंड नसतं! जू मानेवर थांबेना. कधी डोक्यावर यायचं, कधी पाठीवर घसरायचं. म्हणून मी बैलांना बांधतात तशा दोघांच्या गळ्याखालून जुपण्या, म्हणजे जुवाच्या दोऱ्या, घेतल्या आणि दोन्ही बाजूंच्या खुंट्यांना गाठी मारल्या. बैलाला मारतात तीच गाठ. ओढ बसेल तशी घट्ट होणारी. मला तेवढी एकच येते.

त्या खुंट्यांची, म्हणजे शिवळांची, एक वेगळीच कथा होती. त्या सैल झाल्या होत्या. हे भाऊजींनी पाहिलं, म्हणून रविवारी त्यांनी गुपचूप त्या भिजत घालून फुगवल्या होत्या. हे मालकांनीही पाहिलं, म्हणून सोमवारी पहाटे त्यांनी गुपचूप भोकात पाचरी ठोकल्या होत्या. एकाच दुखण्याला दोन वैद्य, आणि दोघांचं बोलणं बंद! हे मला मागाहून कळलं.

मालक उंच, भाऊजी ठेंगणे. जू तिरपं झालं. मालक मला म्हणाले, त्याला म्हणावं टाचा उचल. मी शिवकांताला सांगितलं, तिनं भाऊजींना सांगितलं. भाऊजी तिला म्हणाले, अण्णाला म्हणावं अजून वाका. ते तिनं मला सांगितलं आणि मी मालकांना. दोघांच्या कानांमधे दोन हातांचं अंतर, आणि निरोप मात्र तालुक्याला जाऊन आल्यासारखे यायचे.

येठण पहिल्या जागी बांधलं तेव्हा तिन्ही फण, ओढा ओलांडताना बाई लुगडं उचलून धरते तसे, मातीवर अधांतरी. दुसऱ्या जागी बांधलं तर पुरलेलं धन काढायला निघाल्यासारखे खाली घुसले. तिसऱ्या जागी मात्र बरोबर बसले. इतके बरोबर की मालकांच्या चेहऱ्यावर पाडव्यानंतर पहिल्यांदा हसू आलं. ते भाऊजींना दिसलं नाही, कारण दोघांच्याही माना खाली होत्या.

आता रानात चार पावलं चालवून बघायचं, एवढंच राहिलं. तिफणीचे नळ मोकळे आहेत का, हेही बघायला हवं होतं, कारण दुसऱ्याच्या घरून आलेली वस्तू. मी ओटीत थोडी ज्वारी घेतली, नळांच्या वरच्या वाटीवर, चाड्यावर, मूठ धरली. पहिल्या नळातून एक कोळी आपला संसार घेऊन खाली आला. मग दाणे आले.

"हं," मालक म्हणाले. आणि आम्ही निघालो.

चार पावलं झाली. तिफण सुरेख चालली होती. आता थांबायला हवं होतं. पण थांबायचं तर कुणीतरी थांब म्हणायला हवं, आणि म्हणायचं ते शेजारच्याला! मालकांना वाटलं, धाकटा थांबेल तेव्हा थांबू. भाऊजींना वाटलं, अण्णा थांबतील तेव्हा थांबू. मर्यादेची दोन माणसं. चालत राहिली.

थांबा म्हणायला मागं मी होते, हे खरं. पण माझं काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. आश्विनाचं ऊन मऊ पडलं होतं. चतुर उडत होते, एकाच जागी थरथरत थांबायचे आणि मग नाहीसेच व्हायचे. बालाघाटाचे डोंगर निळे, कुणी धुऊन वाळत घातल्यासारखे. पायाखालची माती थंड. नळातून दाणे उतरताना जो आवाज होतो तो पावसाचाही नाही आणि पाण्याचाही नाही, त्याला नावच नाही. आणि पुढं दोन पाठी वाकून चाललेल्या. एक रुंद, एक बारकी, पण चाल एकच. डावा पाय जरासा बाहेर टाकायची, मामंजींची. क्षणभर मला वाटलं, मामंजीच चालले आहेत, फक्त दोन ठिकाणी. माझी मूठ आपोआप सुटत होती आणि ओटी हलकी होत होती.

बांध आला. बांधाशी बैल वळतात. हेही वळले! भाऊजी आतल्या अंगाला, मालक बाहेरच्या, अगदी बादशा-वजिरासारखे. मी तिफण उचलून पुन्हा टेकवली आणि दुसरी पात धरली. त्या दोन पाती पुढं उगवल्या त्या अशा वाकड्या, की वाटेवरचे लोक थांबून विचारत, ही कुणी पेरली?

"अक्का, पेरताय की तुमी!" शिवकांता आखाड्यावरून कधीची ओरडत होती म्हणे. मला ते कुठल्या तरी दुसऱ्या गावातून ऐकू आलं.

नेमकी तेव्हाच वाटेनं साखराबाई चालली होती. साखराबाईच्या डोळ्यांना कमी दिसतं, पण जे दिसतं त्याच्या पुढचं ती स्वतः घालते. तिला दिसलं, रुद्रप्पा आणि गुरुलिंग जुवाला जुंपलेले, मागं महानंदा, म्हणजे मी, पेरतेय, आणि बैल कुठंच नाहीत. बैल गंजीमागं सावलीत पडले होते, आपली सुट्टी उपभोगत. साखराबाईनं डोक्यावरचा भारा तिथंच टाकला, गळा काढला आणि गावाकडं वळली.

आम्ही आखाड्यावर पोचलो तेव्हा मी भानावर आले. आता मोकळे व्हा, म्हणून गाठीला हात घातला, तर ती गाठ राहिलीच नव्हती. ओढीनं तिचा दगड झाला होता. शिवकांतानं हुशारी केली, गाठ मऊ व्हावी म्हणून तांब्याभर पाणी ओतलं. ती आणखी आवळली! मग शिवळा उपटायला गेलो, तर फुगवलेल्या आणि पाचरी ठोकलेल्या त्या खुंट्या म्हणजे जुवाला जन्मतःच फुटलेल्या फांद्या. मी विळा आणला.

दोघं एकदम "न्हाई" म्हणाले. त्या जुपण्या मामंजींच्या हातच्या होत्या. शेवटच्या आजारपणात बाजेवर बसून वळलेल्या. त्यांना विळा लावायचा नाही, यावर मात्र दोघांचं एकमत झालं, तेही आम्हां बायांच्या मध्यस्थीशिवाय.

राहिला एकच उपाय. दोघांनी एकाच वेळी खाली वाकून मान मागं घेतली असती, तर ओढ सैल होऊन डोकी सुटली असती. एकटा वाकला की दुसऱ्याचा गळा आवळायचा. मालक म्हणाले, त्याला म्हणावं वाक, आणि लगेच वाकले. मी शिवकांताला सांगितलं, तिनं भाऊजींना सांगितलं, तोवर भाऊजी गुदमरले होते आणि मालक वर आले होते. मग भाऊजी वाकले आणि मालकांचे डोळे पांढरे झाले. असं बराच वेळ चाललं. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, दोन माणसं पाळीपाळीनं एकमेकांच्या पाया पडतायत.

लांबून बघणारे आलेच. साखराबाईच्या मागं निम्मं गाव, पुढं भगवानराव डोक्याचं पागोटं उतरवून. मागं बायांनी झाकून भाकरी आणलेल्या, दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून. भगवानराव जुवाजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, बैलांची जोडीच्या जोडी गेली, तुमच्या वडलांच्या हातची, कसं झालं?

तेवढ्यात गंजीमागून बादशा उठला, त्याच्या पाठोपाठ वजीर उठला. दोघंही अंग झटकून, खांद्याला खांदा लावून आले आणि बरोबर त्या दोघा भावांच्या मागं येऊन उभे राहिले. आपली जागा कुणी घेतली ते बघायला आल्यासारखे. साखराबाई म्हणाली, अगं बाई, जिते हायेत की. तिच्या आवाजात जरा निराशाच होती.

मग जे हसू फुटलं! लोक पोट धरून खाली बसले. आणलेल्या भाकऱ्या तिथंच उघडून खाऊ लागले. भगवानराव मात्र हसले नाहीत. काम दिसलं की त्यांना हसू येत नाही. त्यांनी जुवाभोवती एक फेरी मारली, मधोमध बोट ठेवलं आणि म्हणाले, दोरीला विळा लावायचा नाही ना, मग जूच कापू, म्हणजे ज्याचा तो वाकून सुटेल. अर्धं थोरल्याला, अर्धं धाकट्याला. वाटणीत राहूनच गेलं होतं ते! आणि त्यांनी करवत आणायला माणूस पिटाळला.

करवत आली. हसणं एकेक करून थांबलं.

जू कापलं की झालं. उद्याची पेरणी नाही, वाफसा नाही, आणि कुडाच्या पलीकडची ती कुरकुर तिकडंच कायमची. अर्ध्या जुवाला कुठला बैल जुंपतात? शिवकांतानं माझा हात धरला होता. तिचा हात ओला होता, मघाच्या तांब्यानं असेल.

भगवानरावांनी करवत लाकडावर टेकवली आणि पाडव्याला विचारलं होतं तसंच, त्याच आवाजात विचारलं. "बोला रुद्रप्पा. तुमचं म्हणणं काय?"

मालकांनी तोंड उघडलं. काय येणार ते मला ठाऊक होतं. धाकट्याची जी मर्जी. सगळ्या गावाला ठाऊक होतं. एक चतुर येऊन जुवावर बसला, नेमका मधे, करवतीच्या पात्याशी. मालक त्याच्याकडं बघत राहिले. वाकून वाकून त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि केसांत माती होती. तो उडाला.

मग त्यांनी मान वळेल तेवढी माझ्याकडं वळवली. लग्न झाल्यापासून चारचौघांत त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं.

"महानंदा," ते म्हणाले, "त्याला म्हणावं, मला येगळं व्हायचंच नव्हतं."

गंजीकडून वाऱ्याची झुळूक आली, कडबा सळसळला. मी सवयीनं शिवकांताकडं वळले. ती भाऊजींकडं वळली. तिनं काही सांगायच्या आत भाऊजी जुवाखालून, जमिनीकडं बघतच म्हणाले,

"वैनी, अण्णाला म्हणावं, ऐकू आलं. मला बी नव्हतं."

आणि मी, खुळी, निरोप पोचवला.